तबकडी न लागण्याबाबत

मयूर विहार, दिल्ली
देवदिवाळीनंतरचा मंगळवार

तीर्थरूप ताईस,

बळवंतचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकाच वाकलो आहे, उरलेला मनाने). तुझा गुडघा कसा आहे, नव्या तेलाचा गुण आला की नुसताच वास, आणि अंगणातल्या लिंबाला यंदा तरी काही धरलं का, ते सविस्तर कळव. आम्ही उभयता ठीक आहोत. इथली हवा ठीक नाही, पण ती दर वर्षी या दिवसांत ठीक नसतेच, त्यामुळे तिची चौकशी करणं आम्ही सोडून दिलं आहे. सकाळी खिडकी उघडली तर समोरची बिल्डिंग दिसत नाही. तिथल्या गच्चीवर भसीनबाई रोज योगासनं करायच्या, त्या अजूनही करत असतील असं धरून चालायचं. अलका (माझी पत्नी, तुला ठाऊक आहे, पण पत्र भलत्याच्या हाती पडलं तर त्याचीही पंचाईत होऊ नये, नोकरीत प्रत्येक कागद मी असाच लिहिला) सांगते की माझा नमस्कार लिहा आणि मुद्द्याचं आधी लिहा. तिचा नमस्कार लिहिला.

आता परवाच्या फोनबद्दल. तू म्हणालीस, "बाळू, तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं सांग, मी मरायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी बघते." ताई, हे लागलं मला. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण मी जन्मभर लोकसभेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करणाऱ्या शाखेत बसलो, आणि तिथली पहिली शिकवण अशी की प्रश्न विचारणाऱ्याचा राग हा उत्तराचा भाग नसतो. (दुसरी शिकवण अशी की उत्तर पूर्ण खरं असावं आणि त्यातून कुणाला काही कळू नये. ती मी घरी वापरत नाही. अलकाचं मत वेगळं आहे.) तेव्हा तुझा राग बाजूला ठेवून तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो.

आधी विषय नीट मांडतो. भाऊजींचं वर्षश्राद्ध पौषात आहे. त्या दिवशी सगळे जमतील तेव्हा भाऊजी टीव्हीवर दिसावेत, चालताबोलताना दिसावेत, एवढी तुझी इच्छा. फोटो घरभर आहेत, पण फोटोतले भाऊजी गप्प बसलेले आहेत आणि प्रत्यक्षात ते कधी गप्प बसले नाहीत, त्यामुळे फोटोत ते अर्धेच वाटतात असं तू म्हणतेस. ते बिल्कुल बरोबर आहे. चालतेबोलते भाऊजी जगात एकाच ठिकाणी आहेत: तुम्ही दोघं शहाण्णव सालच्या गणपतीत दिल्लीला आला होतात, तेव्हाच्या आमच्याकडच्या व्हिडिओ कॅसेटवर. सुधन्वाने (आमचा मुलगा, गुडगावला असतो, म्हणजे म्हटलं तर याच गावात, पण भेटायला मिरजेहून यावं तसा येतो) ती कॅसेट कुठूनशी कॉम्प्युटरवर उतरवून आणली आणि म्हणाला, बाबा, आत्याच्या शेजारच्यांना फोनवर पाठवून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. तू साफ नाही म्हणालीस. "एवढा उंचापुरा माणूस मला बोटाएवढा बघायचा नाही." टीव्हीखाली भाऊजींनी हौसेने घेतलेला डीव्हीडी प्लेयर आहे, तू तो रोज पुसतेस, तर त्याच्यावरच लावायचं. माझी काही हरकत नव्हती. उलट दोन मिनिटांचं काम टळून खरं काम हाती आलं म्हणून मला बरंच वाटलं.

तुझा पहिला प्रश्न: एवढ्याशा कामाला दिवाळी का उलटली? उत्तर: आजकालच्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नसते. मी चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिलं. उलटा करून खालूनही पाहिलं, तेव्हा तो बंद पडला. सुधन्वा म्हणाला, बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर मिळतो, तो घ्या. हा एक चपटा डबा असतो, बटण दाबलं की त्यातून ड्रॉवर बाहेर येतो, त्यात तबकडी ठेवायची, ड्रॉवर आत ढकलायचा, की आतल्या आत किरणाने लिहिलं जातं. मी आणि अलका मेट्रोने नेहरू प्लेसला गेलो. तिथे जिकडे बघावं तिकडे कॉम्प्युटरच कॉम्प्युटर, पण डीव्हीडी रायटर म्हटलं की दुकानदार एकमेकांकडे बघायचे. एकाने फार प्रेमाने विचारलं, "अंकल, अब ये कौन चलाता है?" मी म्हटलं, "हमारी बड़ी बहन." त्याने लगेच खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खोक्यांच्या ढिगामागून एक डबा शोधून काढला. तुझ्या नावाला दिल्लीत अजून वजन आहे, हे यानिमित्ताने नोंदवतो.

मग त्याने विचारलं, तबकड्या कुठल्या हव्यात? प्लस आर, मायनस आर, की आरडब्ल्यू? प्लस आणि मायनसमध्ये फरक काय, ते मी त्याला विचारलं, त्याने शेजारच्याला विचारलं, आणि शेजारच्याने सांगितलं की फरक काही नाही, पण एक चालली नाही तर दुसरी चालते. इतकं स्वच्छ उत्तर मला नोकरीत कधी देता आलं नाही. राहिली आरडब्ल्यू. नुसती आर म्हणजे एकदा लिहिलं की लिहिलं, आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येतं. शाई आणि पेन्सिल. आता तूच सांग, ज्याने जन्मभर मसुदा पेन्सिलीने लिहून वर पाठवला, वरच्यांना खाडाखोड करता यावी म्हणून समास ऐसपैस सोडला, तो काय घेणार? मी आरडब्ल्यू घेतली. माझ्याकडे ती उत्तम चालली. तुझ्याकडे मात्र प्लेयरने ती आत घेतली, बराच वेळ घोळवली आणि बाहेर ढकलली. भाऊजींचा प्लेयर जुन्या वळणाचा, त्याला पेन्सिलीचं वाचता येत नाही. तुमच्या घरात कच्चं काम कुणीच चालवून घेतलं नाही, तेव्हा मला याचं नवल वाटायला नको होतं.

दुसरी तबकडी शाईची होती. ती का लागली नाही, हा तुझा पुढचा प्रश्न, आणि त्यात पोटप्रश्न असा की मधल्या भोकात फायलीला बांधायचा हिरव्या दोरीचा टॅग बांधून का पाठवली. ताई, कागदाला आम्हाला आधी पंच मारून भोक पाडावं लागतं. इथे भोक तयार मिळालं, तेही अगदी मधोमध. हात आपोआप गेला. तबकडी आणि सोबतचं पत्र एकत्र राहावं, गहाळ होऊ नये, एवढाच हेतू. आत घालण्यापूर्वी टॅग काढायचा हे लिहायचं राहिलं. (तू टॅगसकट ड्रॉवर ढकललास आणि मग ते सगळं सांडशीने ओढून काढावं लागलं, हे फोनवर ऐकलं आहे, पुन्हा सांगू नकोस.) पण टॅग नसता तरी ती लागली नसती. झालं असं की मी कॉम्प्युटरवरची फाइल उचलून तबकडीवर ठेवली, कॉम्प्युटर म्हणाला झालं, मी म्हटलं चलो, झालं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की काम झालं, असंच मी समजत आलो. सुधन्वाचं म्हणणं, जुन्या प्लेयरला नुसती फाइल कळत नाही, त्याला तिचा सिनेमा करून द्यावा लागतो, आणि त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये निराळा प्रोग्रॅम असतो. म्हणजे फाइल पोचली होती, काम झालं नव्हतं. हे ऐकून अलका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मी पाठवलेल्या तबकड्यांचं पुढे काय करायचं, असंही तू विचारलं आहेस. माझ्याकडे प्रत्येकीची एक कार्यालयीन प्रत असते. पहिल्या दोन्ही प्रती अलकाने दोरीला बांधून बाल्कनीत टांगल्या आहेत, चमकल्या की कबुतरं घाबरतात म्हणून. पहिले दोन दिवस घाबरली. आता त्यांत बघून माना फिरवतात. (तू तुझी एक ताकाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवतेस असं कळलं. मधल्या भोकाचं काय करतेस?) चकचकीत बाजू वर की खाली, हाही प्रश्न आहे. खाली. वरच्या बाजूला नाव लिहायचं, तेही मऊ मार्करने, बॉलपेनने ओरखडा उठतो. मी आधी गोंदाने चिठ्ठी चिकटवून पाहिली होती, 'कै. नरसिंहराव, प्रत दुसरी', तर ती रायटरमध्ये अशी घरघरायला लागली की अलका मिक्सर बंद करायला स्वयंपाकघरात धावली.

आता तिसरी, म्हणजे जिच्यावरून तू परवा मरणाच्या गोष्टी काढल्यास ती. या वेळी तबकडी शाईची होती, टॅग नव्हता, चिठ्ठी नव्हती आणि प्रोग्रॅम योग्य होता. तो विचारतो, किती वेगाने लिहू? सोळापट, आठपट, चारपट? जाणकार म्हणतात, सावकाश लिहिलेली चांगली लागते. सरकारी कामाबद्दल मी हेच सगळ्यांना सांगत आलो, कुणी ऐकलं नाही. मी चारपट निवडली. लिहिणं चालू असताना लॅपटॉपवर दुसरं काही उघडायचं नसतं, हलवायचाही नसतो, म्हणून आम्ही दोघं खुर्च्या घेऊन समोर बसलो. अलकाने मटार सोलले. लिहून झालं आणि पडद्यावर एक प्रश्न आला: तबकडी बंद करायची का? बंद केल्यावर तिच्यात पुढे काहीही घालता येणार नाही. हो की नाही?

ताई, मी 'नाही' दाबलं. त्यामागची भूमिका समजून घे. सबंध नोकरीत मी आपल्या हाताने एकही फाइल बंद केली नाही. फाइल थांबवावी, फिरवावी, वर पाठवावी, खाली आणावी, पण बंद करू नये, कारण बंद केली की दुसऱ्याच दिवशी तिच्यात घालायचा कागद येतो. आमच्या शाखेत एका उत्साही माणसाने एकदा केली होती, त्याच संध्याकाळी तिच्यावर पुरवणी प्रश्न आला, आणि तो माणूस रिटायर होईपर्यंत चहाच्या वेळी तोच विषय निघायचा. तर आता असं कळतं की बंद न केलेली तबकडी जिथे लिहिली तिथेच तोंड उघडते, परक्या प्लेयरला ती कोरी दिसते. म्हणून तुझी लागली नाही. खात्री करायला मी माझी प्रत घेऊन भसीनबाईंकडे गेलो, त्यांच्याकडे जुना प्लेयर आहे. त्यांनी चहा दिला, मठरी दिली, तबकडी आत घातली, आणि टीव्हीवर अक्षरं आली की डिस्क नाही. पोटात घेऊन बसलाय आणि म्हणतो नाही! भसीनबाई हळहळून म्हणाल्या, "भाईसाहब, ये तो ख़ाली है." मी म्हटलं, जी, अच्छा, आणि मठरी संपवून घरी आलो.

या सगळ्या खटाटोपात ती टेप मी इतक्या वेळा पाहिली की त्यातले सगळ्यांचे संवाद मला पाठ झाले आहेत, भाऊजींचे सोडून, कारण ते भाऊजींनाच पाठ नव्हते. तुला आठवत असेल. पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचं पानिपतावरचं नाटक. शत्रूकडच्या सरदाराचं काम करणारा आमच्याच शाखेतला, आणि ऐन दिवशी लोकसभेच्या प्रश्नापायी तो ऑफिसात अडकला. दाढी तयार, अंगरखा तयार, आत माणूस नाही. तेवढ्यात कुणाला तरी पहिल्या रांगेत भाऊजी दिसले: उंचेपुरे, आवाज खणखणीत, आणि पाहुणे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. वाक्यं मोजकी होती. शेवटचं सोडून सगळी त्यांनी झोकात म्हटली. शेवटचं होतं, 'फौजा पुढे काढा'. ते काही आठवेना. टेपमध्ये नुसता पंख्याचा आवाज येतो. अखेर भाऊजींनी तलवार उपसली आणि गरजले, "आज राहू द्या, उद्या बघू!"

समोर एकजात केंद्र सरकारचे नोकर. आपलं रोजचं वाक्य इतक्या वीरश्रीने म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, टाळ्या थांबेनात. पानिपताची लढाई त्या वर्षी एक दिवस पुढे गेली. आणि दुसऱ्या दिवशी मंडळाची बस काला अंबला निघाली, पानिपतात पडलेल्यांच्या स्मारकाला नमस्कार करायला, तर भाऊजी बसमध्ये चढेनात. "काल त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो, आज कुठल्या तोंडाने जाऊ?" असं म्हणून ते खरोखर मागे राहिले, आणि आम्ही परत येईपर्यंत त्यांनी आमच्या सरकारी क्वार्टरचा गळका नळ दुरुस्त करून ठेवला होता. मला त्यांची फार आठवण येते, ताई. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. तो नळ आम्ही क्वार्टर सोडेपर्यंत गळला नाही.

असो. तुझ्या सर्व प्रश्नांची उत्तरं वर दिली आहेत, ती समाधानकारक वाटावीत. सोबत अलकाने डिंकाचे लाडू पाठवले आहेत, गुडघ्याला चांगले. पत्राच्या शेवटी वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहावा तर आता आपल्यात वडीलधारी तूच उरलीस, तेव्हा तोही तूच घे.

तुझा धाकटा भाऊ,
बळवंत

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. उत्तर पूर्ण खरं आहे आणि त्यातून तुला काही कळणार नाही, असं लक्षात आलं. तेव्हा हे जास्तीचं. तबकडी बंद केल्याशिवाय तुझ्याकडे लागणार नाही, हे सुधन्वाने मला आधीच सांगितलं होतं. "बाबा, शेवटी आठवणीने हो दाबा," असं बजावून गेला होता. तरीही मी 'नाही' दाबलं, आणि ते फाइलींच्या सवयीने नव्हे.

आणखी ता. क. कारण असं. नाटक संपल्यावर सगळे नट रांगेत उभे राहून नमस्कार करतात. भाऊजी करत नाहीत. ते सुटत आलेली दाढी एका हाताने धरून पहिल्या रांगेत तुझ्याकडे बघतात आणि सगळ्यांसमक्ष विचारतात, "काय गं, बरं झालं का?" आणि तिथे टेप संपते. कॅमेरा स्टेजकडे होता, तुझ्याकडे नव्हता. तू काय म्हणालीस ते आलेलंच नाही. दर वेळी भाऊजी विचारतात, आणि दर वेळी पडदा काळा होतो. ताई, प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नाही, अशी फाइल आपल्या टेबलावरून बंद होऊन जाऊ द्यायची मला सवय नाही. माझ्या प्रतीवर जागा शिल्लक आहे, मी बघून घेतलं. पौषात मी लॅपटॉप घेऊन मिरजेला येतो, तो तुझ्या टीव्हीला जोडून सगळ्यांना भाऊजी दाखवतो (कुठल्या वायरने, हा प्रश्न कृपया विचारू नये), आणि परतताना तुला इकडे घेऊन येतो. मिरजेहून निजामुद्दीनला थेट गाडी आहे. इथे बसून तू उत्तर दे, सुधन्वा ते टिपेल, आपण ते भाऊजींच्या मागे जोडू, आणि मग 'हो' तू स्वतःच्या हाताने दाब. त्यानंतर थंडी सरेपर्यंत राहा, रजया आहेत. एकटीने त्या घरात किती दिवस प्लेयर पुसत बसणार आहेस? नाही म्हणू नकोस.

शेवटचा ता. क. निघताना भडंग घ्यायची मला आठवण कर. हे पत्र लाडवांबरोबर पार्सल करायला अलकाकडे देतो आहे. वाचू नकोस असं तिला सांगितलं आहे, त्यामुळे ती वाचेल.

वन्सं, हे माझं, अलकाचं. वाचलं. तुम्ही ह्यांच्या भरवशावर राहू नका. सुधन्वाकडून ती फाइल मागवून मी आमच्या मार्केटमधल्या फोटोवाल्याकडून निराळी तबकडी करून घेतली, एकदम पक्की बंद केलेली. भसीनबाईंच्या प्लेयरवर लावून पाहिली, भाऊजी मस्त दिसतात. लाडवांच्या डब्यात तळाशी, बटर पेपरखाली आहे. टॅग नाही. वर्षश्राद्धाला सगळ्यांना दाखवा, आणि त्याआधी एकदा दार लावून एकट्या बघा. ह्यांना इतक्यात सांगू नका, फार मनावर घेतील. आणि त्या उत्तराचं म्हणाल तर त्या दिवशी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर मीच होते. ह्यांना वाटतं तुमचं उत्तर टेपवर यायचं राहिलं. वन्सं, तुम्ही काही बोललाच नव्हता. तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात, भाऊजी दाढी धरून वाट बघत उभे होते, आणि पडदा पडला. नंतर घरी काही सांगितलं असेल तर ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण माझ्या हिशेबी उत्तर अजून द्यायचं आहे. तेव्हा या.